उभ्या धानातले चिंतन

दिवाळी सरली की माणसाने जरा थांबावे, स्वतःकडे पाहावे, असा उपदेश दरवर्षी कानावर येतो. उपदेश चांगला आहे, पण तो देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पगारी सुटी संपवून कामावर परतणारा माणूस असतो. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात, दिघोरीसारख्या गावात, दिवाळीनंतर रिकामपण येतच नाही. हलका धान दिवाळीच्या आगेमागे कापणीला येतो आणि भारी धान त्यानंतर. मग बांधणी, पुंजणे, चुरणे आणि शेवटी धान खरेदी केंद्रावरची रांग. शेतात ही घाई चालू असतानाच भाऊबीजेपासून मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा दंडार, खडी गंमत, रात्री नाटक. तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांच्या बोलण्यांना ऊत येतो. अशा माणसाला ‘आता जरा संथ हो’ असे सांगणे म्हणजे त्याची चेष्टाच.

तरीही थांबण्याची गरज त्यालाही आहे, कदाचित जास्तच आहे. पोळ्यापासून धरले तर तान्हा पोळा, गणपती, शारदा, दसरा, त्याच सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिन, कोजागिरी, दिवाळी, गायगोधन आणि मंडई अशी सणांची माळ अडीच-तीन महिने चालते. या माळेत आनंद खराच आहे. मंडईला सासुरवाशीण लेक घरी येते, विखुरलेले सोयरेधायरे एकत्र बसतात, मुलामुलींची स्थळे पाहिली जातात. दंडारीत गावाच्या वागण्यावर गाव स्वतःच हसून घेते. लाखांदूरच्या पुढे वडसा आहे. तिथल्या नाटक मंडळ्यांच्या जोरावर झाडीपट्टीची रंगभूमी उभी आहे आणि तिच्यातल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. हा गलका अध्यात्माचा शत्रू आहे असे मी मानत नाही. माणसाने माणसात रमणे हेही एक दर्शनच आहे.

अडचण पुढे आहे. रात्रभराच्या नाटकानंतर आपण झोपतो, थकवा उतरतो आणि विसावा मिळाला म्हणून समाधान मानतो. विसावा ही शरीराची गरज. चिंतनाचे काम वेगळे. या सणांत कोणाकोणाला बोलावले आणि भाऊबंदकीतल्या कोणाला मुद्दाम टाळले? कर्ज काढून केलेला खर्च हौसेचा होता की शेजाऱ्याला दाखवायचा? बांधीत वाकून धान कापणाऱ्या बायांच्या मजुरीवर घासाघीस करणारा मी लक्ष्मीपूजनाला काय मागत होतो? असे प्रश्न झोपेत सुटत नाहीत. ते विचारायला जागे असावे लागते आणि थोडे स्थिरही.

‘सवड मिळाली की बघू,’ हे यावरचे ठरलेले उत्तर. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याने निदान शेतात तरी हे उत्तर कधी दिलेले नाही. लाखोळी पेरायला तो जमीन मोकळी होण्याची वाट पाहत नाही. धान बांधीत उभा असतो, खाली ओल असते, तेवढ्यातच तो लाखोळी फेकतो. धान कापून होईस्तोवर थांबला तर ओल जाते. उतेऱ्याची ही पद्धत चिंतनालाही लागू आहे. सणाने मन भिजलेले असते, नाती जवळ आलेली असतात, जुने सल वर आलेले असतात. बी टाकायची वेळ तीच.

आपल्या परंपरांनी हे ओळखले होते. काकड आरती घ्या. ती कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत चालते, म्हणजे नेमकी दिवाळी आणि धानकापणीच्या ऐन गर्दीत. देवळातली पहाट उरकून माणूस बांधीत जातो. बौद्धांचा वर्षावासही असाच. भिक्खूंनी आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत एके ठिकाणी राहावे, कारण पावसात भटकल्याने कोवळी पिके आणि बारीक जीव पायाखाली येतात. याच जिल्ह्यातल्या पवनीला उत्खननात प्राचीन स्तूप सापडले. आज त्याच परिसरातल्या विहारांत वर्षावासाच्या तीन महिन्यांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. रोवणीने कंबर मोडलेली असते, निंदण चाललेले असते आणि त्याच दिवसांत हे वाचन होते.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तर वेळच बांधून दिली: पहाटे सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, मध्ये दिवसभर काम. 1968 मध्ये त्यांचे निर्वाण झाले. गुरुकुंज मोझरीला दरवर्षी आश्विनात, दिवाळीच्या तोंडावर, 4 वाजून 58 मिनिटांनी लाखो माणसे मौन श्रद्धांजलीसाठी उभी राहतात. तेवढा वेळ महामार्गावरची वाहनेही थांबतात. काकड, वर्षावास, प्रार्थना आणि मौन, यांतली एकही रीत रिकामपणाची वाट पाहत नाही. शिवाय या साऱ्या रीती अनेकांनी मिळून पाळायच्या आहेत.

कोणी म्हणेल, खोल चिंतन एकट्याचेच असते. ‘लीळाचरित्रा’चा पहिला भाग ‘एकांक’ म्हणून ओळखला जातो, तो चक्रधर स्वामींच्या एकाकी भ्रमणाचा. भंडाऱ्याचे नीळभट्ट भांडारेकार त्यांना याच काळात भेटले. मला हा आक्षेप मान्य आहे, पण अर्धाच. एकांतातला स्वामीही भिक्षेला दाराशी जात होता आणि त्या दारामागे कोणीतरी चूल पेटवलेली होती. इगतपुरीच्या धम्मगिरीवर 10 दिवसांचे विपश्यना शिबिर करणाऱ्याचेही तेच. त्याच्या दहा दिवसांच्या मौनात घरची कामे दुसऱ्या कोणाच्या अंगावर पडतात. एकाचा एकांत दुसऱ्याच्या कष्टावर उभा असतो. हे न पाहता केलेले चिंतन वरवरचेच राहणार.

म्हणून विश्रांतीची सर्वांत चांगली व्यवस्था मला ज्यूंच्या शब्बाथमध्ये दिसते. त्या दिवशी घरधन्याबरोबर नोकर, मोलकरीण आणि जनावरे यांनाही काम नाही, असे धर्माज्ञाच सांगते. हे काही फार परके नाही. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंचा पूर्वीचा धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारच्या मराठी माणसांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. घाणा थांबला की घाण्याचा बैलही थांबला.

बैलाच्या विसाव्याचे मोल आपल्यालाही कळते. पोळ्याला आपण त्याच्या खांद्यावर जू ठेवत नाही. पण त्याच घरातल्या बाईच्या खांद्यावरचे जू त्या दिवशी दुप्पट होते, कारण पुरणपोळी तिनेच करायची. पोळ्याला पुरण, दिवाळीला फराळ, मंडईला पाहुण्यांच्या पंगती आणि मधल्या दिवसांत धान कापायला विळा घेऊन जाणे. काकड आरतीहून आलेल्या मंडळींना चहा लागतो, तोही तिच्याच हातचा. गावाचा सारा भक्तिभाव तिच्या अपुऱ्या झोपेवर चालत असेल, तर आत्मपरीक्षणाचा पहिला विषय तोच असला पाहिजे. शेतमजुराचेही तसेच. त्याने अर्धा तास शांत बसावे असे वाटत असेल, तर त्या अर्ध्या तासाची मजुरी कापता येणार नाही.

हे सगळे जमायला मोठ्या आश्रमाची गरज नाही. मंडईची तारीख, नाटकाची मंडळी, वर्गणी ठरवायला गाव बसतेच. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरवता येईल. मंडईच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्धा तास भोंगा बंद, मोबाईल बंद, चूलही बंद. स्वयंपाक त्या दिवशी पुरुषांनी करावा, नाहीतर साऱ्या गावाची एकच पंगत बसावी. देवळात, विहारात, प्रार्थनेच्या जागी किंवा स्वतःच्या ओट्यावर, ज्याला जिथे बसायचे तिथे त्याने बसावे. काही बोलायची सक्ती नको. उठल्यावर ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या दारी एकदा जाऊन यावे, इतके जरी घडले तरी चिंतन झाले असे मी म्हणेन.

गाजावाजा सगळ्यांनी मिळून करायचा आणि शांतता मात्र ज्याची त्याने शोधायची, ही विभागणी अन्यायाची आहे. शांततेचाही गावाने मिळून बंदोबस्त करावा. यंदाच्या मंडईच्या बैठकीला तुम्ही जाल तेव्हा वर्गणीच्या आधी हा विषय काढा.