पाच पौंडांची पहाट

रविवारची दुपार. डोंबिवलीतल्या फ्लॅटमध्ये जमिनीवर वर्तमानपत्र पसरून आत्या आणि भाची मेथी निवडत बसल्या होत्या. आत्या मराठीची निवृत्त शिक्षिका. भाची मुंबईत एका बँकेत, रोज सकाळी ७:४२ ची फास्ट. तिच्या कपाटात एक कादंबरी तीन वर्षं अडीच प्रकरणांवर अडून बसली आहे.

"वेळच मिळत नाही गं आत्या."

"कुणाला मिळतो? ट्रोलपचं वाचलंयस ना?"

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप हा अशा गप्पांतला हुकमी एक्का. १८३४ ते १८६७ अशी ३३ वर्षं त्याने ब्रिटिश टपाल खात्यात नोकरी केली. पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पाव तासाला २५० शब्द. न्याहारीच्या आत दिवसाचं लेखन संपलेलं. मागे ४७ कादंबऱ्या ठेवून गेला. हा सगळा हिशेब त्यानेच आत्मचरित्रात मांडला, आणि प्रतिभेची वाट पाहणाऱ्यांना तो आजही झोंबतो.

"साडेपाचला आमच्याकडे पाणी येतं. सहाला डबे," भाची म्हणाली. "ट्रोलपकडे पाणी कोण भरायचं?"

आत्या हसली नाही. घाव वर्मी बसला होता. ट्रोलपला उठवायला एक म्हातारा मोतद्दार होता. त्या कामाचे त्याला वर्षाला ५ पौंड जादा मिळत. धन्याच्या आधी उठून तो कॉफी घेऊन यायचा. एकदाही उशीर केला नाही. आपल्या यशात सर्वांत मोठा वाटा कदाचित त्याचाच, अशी कबुलीही ट्रोलपने देऊन ठेवली आहे. शिस्तीची प्रवचनं देणारे नेमका हा मोतद्दार गाळतात.

"बरं, ट्रोलप सोड," आत्या म्हणाली. "बहिणाबाई चौधरी घे. त्यांनी वेगळा वेळ काढलाच नाही. जात्यावर, शेतात, हात चालू असताना ओव्या रचल्या."

"आणि लिहून कुणी घेतल्या? त्यांना कुठे लिहिता येत होतं! घरात त्यांचे चिरंजीव सोपानदेव होते म्हणून. १९५१ ला त्या गेल्या, १९५२ ला पुस्तक आलं. सोपानदेव नसते तर?"

जिच्या घरात टिपून घेणारं कुणी नव्हतं, अशी दुसरी बहिणाबाई झालीच नसेल असं कोण म्हणेल?

"म्हणजे दर वेळी कुणीतरी लागतंच," भाची पुढे म्हणाली. "कवी नारायण सुर्वे मास्तरांच्या पत्नी कृष्णाबाई, त्यांच्या आत्मकथनाचं नाव काय? 'मास्तरांची सावली'. मला कुणाला सावली करायचं नाहीये."

"म्हणून सुर्व्यांनी लिहायलाच नको होतं? गिरणीत राबलेला, शाळेत शिपाई झालेला माणूस. त्याने घरासाठी लेखणी ठेवून दिली असती, तर १९६२ चं 'ऐसा गा मी ब्रह्म' कुठून आलं असतं?"

दोघी गप्प. देठं बाजूला पडत राहिली.

वाद इथवर आला की बहुतेक जण 'तारेवरची कसरत' म्हणून मोकळे होतात. आत्या तशी नव्हती. चाळीस वर्षं वह्या तपासता तपासता तिच्या स्वतःच्या कविता राहून गेल्या होत्या, आणि त्याबद्दल तिचे कुणी आभार मानले नव्हते.

"वेळ कुणाचा तरी जाणारच," ती म्हणाली. "आजवर तुझा गेला. आता थोडा दुसऱ्यांचा जाऊ दे. पाणी नवऱ्याने भरायचं. पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणायच्या. पाऊण तास सुटेल."

"तिथल्या बायका पहाटे चारला येतात, आत्या. त्यांच्यातल्या एकीला लिहावंसं वाटलं तर?"

आत्याने जुडी खाली ठेवली. "ते मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. "तू तिला विचार. पण तेवढ्यासाठी उद्याचं लिहिणं अडवू नकोस."

सोमवारी आठ पोळ्या केंद्रातून आल्या. ८० रुपये झाले, आणि तिसऱ्या प्रकरणाचं अर्धं पान.