राग देवासाठी की आपल्यासाठी?

श्रोतेहो, तत्त्व कळावे म्हणून बोलणे तो वाद आणि जिंकावे म्हणून बोलणे तो जल्प, असे न्यायशास्त्र सांगते. राग शिरला की वादाचा जल्प होतो.

बर्ट्रांड रसेल हे इंग्रज तत्त्वज्ञ ईश्वर सिद्ध होत नाही म्हणणारे. १९४० साली न्यूयॉर्कच्या एका महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाली, तेव्हा तिथल्या बिशपांनी निषेध केला. प्रकरण कोर्टात जाऊन नेमणूक रद्द झाली. प्रश्न सुटला नाही, माणूस तेवढा दूर झाला. पुढे १९४८ साली जेझुइट पाद्री कोपल्स्टन त्याच रसेलांशी बी.बी.सी. रेडिओवर ईश्वराविषयी बोलले. मत कोणाचेच पालटले नाही. पण दोघांनी एकमेकांचे ऐकून घेतले. आणि नास्तिकालाही 'तुला कसली नीती?' म्हटले की झोंबतेच.

मागे कीर्तनानंतर एका पोराने विचारले, "बुवा, विठोबा दगडच ना?" आम्ही ताडकन् उठून गेलो. रात्री झोप येईना. विठोबा विटेवर शांतच उभा होता, तापलो आम्ही! पोराला उत्तर द्यायचे राहूनच गेले.

वाटेत भेटेल त्याच्या पाया पडणारे आपण. शंका घेणाऱ्याचेच पाय आपल्याला का दिसू नयेत?

रामकृष्णहरि!