एक वर्षाची अट

आयुष्याची बरीच वर्षे मी नगर जिल्ह्यातल्या एका शाळेत व्यायामशिक्षक म्हणून काढली. गळ्यात शिट्टी असली की माणसाला आपण न्यायाधीश असल्याचा भास होतो. असाच एक न्याय मी केला, अगदी नियमाला धरून केला. पण तो खटला माझ्या मनात अजून निकाली निघालेला नाही.

नगर हे लष्कराचे गाव. आमच्या मुलांच्या हाती हॉकीची स्टिक आली ती छावणीच्या शेजारामुळे. सोळा वर्षांखालच्या मुलांची एक आंतरजिल्हा स्पर्धा होती, आणि खेळाडूचे जिल्ह्यात एक वर्ष वास्तव्य हवे, अशी तिची अट होती. एका हवालदाराचा मुलगा चार महिन्यांपूर्वीच भिंगारला आला होता. सेंटर हाफला खेळे. चेंडू त्याच्या स्टिकला माया लावल्यासारखा चिकटे. त्याच जागेसाठी आमच्या भाजीवाल्याचा मुलगा तीन वर्षे पहाटे मैदानावर घाम गाळत होता.

निवड समितीत कुणी म्हणाले, "दाखल्याचे काय, आणू कुठून तरी." मी ठाम नकार दिला. ती अट उगीच घातलेली नसते. ती नसेल तर ज्याच्याजवळ पैसा तो चार गावचे खेळाडू गोळा करील, आणि गावचा मुलगा काठावर बसून टाळ्या वाजवील. विलायतेत 1873 साली क्रिकेटच्या काउंट्यांनी हेच ठरवले: जन्माच्या काउंटीकडून खेळा, नाही तर दोन वर्षे राहिलात त्या काउंटीकडून, एका हंगामात दोन्हींकडून नाही. म्हणजे माझ्या बाजूला शंभरांवर वर्षांचे शहाणपण होते.

पण मोठा माणूस घर बदलतो तेव्हा निर्णय त्याचा असतो. मुलाचे घर बदली करणारा कागद बदलतो. त्या मुलाचे मागच्या गावी वर्ष भरले होते, पण तिथे तो नव्हता. इथे तो होता, पण वर्ष भरले नव्हते. त्या हंगामात त्याला कुठेच जागा नव्हती. ध्यानचंदांचे वडीलही सैन्यातलेच. जन्म 1905 चा, प्रयागचा. वडिलांच्या बदल्यांपायी शाळा लवकर सुटली, आणि पुढे नाव जोडले गेले ते झाशीशी. गाव असे मागाहूनही मिळते.

जन्माची कसोटी लावावी, तर तिचीही गंमतच. यॉर्कशायरने पिढ्यान् पिढ्या फक्त आपल्या हद्दीत जन्मलेलेच खेळाडू घेण्याचा बाणा मिरवला. पण त्यांचा गाजलेला कर्णधार लॉर्ड हॉक जन्मला होता शेजारच्या लिंकनशायरात! अखेर 1992 साली तो बाणा सैल झाला, आणि तिथे पहिला परदेशी खेळाडू म्हणून गेला तो आपला मुंबईचा सचिन तेंडुलकर.

आणि लांब कशाला जा? 2024 साली आमच्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्यादेवी 1725 साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीला जन्मल्या, बालवयात लग्न होऊन होळकरांच्या घरी गेल्या, आणि 1767 पासून 1795 पर्यंत माळव्याचा कारभार पाहिला तो महेश्वराहून. वास्तव्याची अट लावली तर त्या आमच्या नाहीत. जन्माची लावली तर माळव्याच्या नाहीत. तरी दोन्हीकडचे लोक त्यांना आपल्या म्हणतात, आणि दोघांचेही खरे आहे.

मग माझे चुकले कुठे? त्या मुलाला वगळले, हे चुकले असे आजही मला वाटत नाही. भाजीवाल्याच्या मुलाच्या तीन वर्षांच्या पहाटा मी कोणत्या तोंडाने पुसल्या असत्या? पण यादी लागली त्या संध्याकाळी मी हवालदाराच्या मुलाला म्हणालो, "बाळ, तू इथला नाहीस. तुला खेळता येणार नाही."

तो "हां सर" म्हणाला. शाळेची स्टिक त्याने नीट पुसून कपाटात ठेवली, आणि पुन्हा मैदानावर आला नाही. काही दिवसांनी वडिलांची बदली झाली.

स्पर्धेत आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो. परतीच्या एस. टी. त भाजीवाल्याचा मुलगा माझ्या शेजारी बसला होता. बराच वेळ खिडकीबाहेर पाहून तो म्हणाला, "सर, त्याला नुसतं बरोबर तरी आणायचं होतं. उलट्या स्टिकनं चेंडू अडवायला त्यानंच शिकवलं मला."

तेव्हा उमगले. नियम म्हणत होता, "अजून नाही." मी म्हणालो, "आपला नाही." सामन्यात कोण उतरणार, एवढेच ठरवायचा अधिकार नियमाने मला दिला होता. आपला कोण, हे ठरवायला त्याने मला कधीच सांगितले नव्हते; ते मी पदरचे घातले.

पुढे निवृत्त होईपर्यंत छावणीतून नवे पोर आले की मी आधी त्याच्या हाती स्टिक देई, आणि मग सांगे, "वर्ष भरायचे आहे रे, तोवर रोज पहाटे ये." काहींचे वर्ष भरले, काहींचे त्याआधीच सामान बांधले गेले. पण त्यांतला एकही स्टिक कपाटात ठेवून मुकाट्याने गेला नाही. निरोप घ्यायला सारे आले.