राजाची बत्तिशी

गेल्या महिन्यात अक्कलदाढ काढून घरी आलो, तेव्हा सौ. म्हणाली, "चला, होती नव्हती तीही गेली!" गाल सुजलेला असल्यामुळे उत्तर देता आले नाही. पण पुढचे दोन दिवस पेज पीत पडलो असताना कोरियाच्या इतिहासाचे एक पुस्तक हाती लागले आणि कळले, की नुकसान सौ.ला वाटते त्याहून मोठे आहे. सिल्लाच्या गादीवरचा माझा हक्कच गेला होता!

सिल्ला हे कोरियाच्या आग्नेयेकडचे प्राचीन राज्य. राजधानी म्हणजे आजचे ग्योंगजू. ११४५ साली किम बुसिकने सादर केलेल्या 'सामगुक सागी' या इतिहासात गोष्ट आहे ती अशी. इ. स. २४ मध्ये नामहे राजा वारला. मागे मुलगा युरी आणि जावई ताल्हे. (या सुरुवातीच्या सनावळीवर इतिहासकार फारसा भरवसा ठेवत नाहीत. गोष्टीवर ठेवायला हरकत नसावी.)

आता मुलगा आणि जावई म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे कोर्टकचेरीच उभी राहते. इथे सगळे उलटे. युरी म्हणे, भावोजी, लायकी तुमची, तुम्हीच बसा. ताल्हे म्हणे, छे छे, भलतेच काय! शेवटी ताल्हेनेच तोडगा काढला. शहाण्या माणसाला दात जास्त असतात असे ऐकतो, तर चावून बघू या. दोघांनी पिठाच्या वडीचा चावा घेतला, खुणा मोजल्या, युरीचे दात जास्त भरले, तो राजा झाला. त्या काळच्या राजांच्या 'इसागुम' या पदवीचा संबंधही दातांच्या खुणांशी जोडलेला आहे.

मी हसलो. एकाच बाजूने. मग वाटले, आपण काय म्हणून हसायचे? आपणही अक्कल दाढेतच ठेवली आहे की!

ताल्हेने मेव्हण्याची बत्तिशी आधीच पाहून ठेवली असावी, असा मला दाट संशय आहे. पण खरी गंमत पुढेच आहे. ३३ वर्षांनी युरी मरायला टेकला. त्याला दोन मुलगे होते. तरी त्याने गादी दिली ती ताल्हेला! तेव्हा ताल्हे ६२ वर्षांचा होता. त्याचे किती दात शिल्लक होते, ते कुणी मोजले नाही.

पुढे शतके लोटली, राज्य मोठे झाले आणि दातांवरून मंडळी हाडांवर आली. आपण 'हाडाचा शिक्षक' म्हणतो ते कौतुकाने. तिथे तो कायदा होता. सर्वांत वर 'सोंगोल', म्हणजे पवित्र हाड. गादी त्यांचीच. त्याखाली 'चिन्गोल', म्हणजे खरे हाड. मग उरलेल्या पायऱ्या. ८३४ सालच्या एका फर्मानात तर कोणत्या पायरीच्या माणसाने कपडे कसले घालावेत आणि घर केवढे बांधावे, हेही ठरवून दिलेले होते.

चिन्प्योंग राजाला मुलगा नव्हता, म्हणून ६३२ मध्ये त्याची मुलगी सोंदोक गादीवर आली. हाडाबद्दल शंकाच नाही! तरीही ६४७ मध्ये सरदारांच्या मंडळाचा प्रमुख बिदाम, बाईमाणसाला राज्य झेपत नाही म्हणून बंड करून उठला. त्यातच राजवाड्याकडे तारा तुटून पडला आणि राणीचे सैन्य गळाठले. तेव्हा किम युसिन या सेनापतीने गवताचा बाहुला पेटवून पतंगाला बांधला, रात्री आकाशात चढवला आणि सकाळी बातमी पसरवली, की पडलेला तारा परत वर गेला! बंड मोडले. राणी मात्र त्याच धामधुमीत वारली.

दातांचा नियम शुद्ध वेडेपणाचा. पण तो हरणाऱ्यानेच सुचवलेला, म्हणून ३३ वर्षे टिकला. हाडांचा नियम एवढा पक्का, आणि त्याला पतंगाचा टेकू द्यावा लागला. बिदामला कुणी वडी चावायला दिली असती, तर त्याने खुणा मोजू दिल्या असत्या का? मला नाही वाटत.

सोंदोकनंतर चिन्दोक राणी आली. ६५४ मध्ये तीही वारली आणि पवित्र हाडे संपली! आता? सरदारांनी वयोवृद्ध अल्चोनला कारभार हाती घ्यायची विनंती केली. तो म्हणाला, मी म्हातारा, त्या किम चुन्चूला विचारा. चुन्चू नुसत्या खऱ्या हाडाचा. त्याने तीनदा नाही म्हटले आणि मग गादीवर बसला. हाडाचे नाव कुणी काढले नाही.

आग्रहाची पोळी आमच्याकडेही तिसऱ्या नकारानंतरच पानात पडते. त्या दोन दिवसांत पेजेला मात्र मी पहिल्या खेपेलाच हो म्हणत होतो.