नव्या घराचा धनी

स्वतःचे पहिले घर घेतले की आपण खोल्या मोजतो आणि कर्जाचे हप्ते. त्यात गैर नाही. कोकणातली खेडी, मग मुंबईच्या भाड्याच्या खोल्या, मग इस्रायल. 'माझे' म्हणण्याची भूक खरीच आहे.

पण तोरा नव्या घराविषयी काय सांगते? गच्चीला कठडा कर, कोणी पडून रक्ताचा दोष तुझ्या घरावर येऊ नये (अनुवाद 22:8). म्हणजे मालकी मिळताच जबाबदारी दुसऱ्याच्या जिवाची!

तलमूदचा नियम असा, की मागून यहुदी राहायला येणार असेल तर घर सोडणाऱ्याने मेजुजा काढून नेऊ नये. आमच्या चौकटींवर त्या तशाच होत्या. मी म्हटले, "काढू या, आता घर आपले आहे." मंडळी म्हणाली, "सोफेराकडून तपासून घ्या आणि त्याच लावा." तपासल्या. एकीची अक्षरे उडाली होती, तेवढी बदलली.

मलिद्याच्या दिवशी येणारा प्रत्येकजण त्याच मेजुजांना हात लावून आत आला. त्या ठेवून जाणाऱ्याला बोलावणे मात्र आम्हांला सुचलेच नाही.