‘सांगितले होते ना!’ म्हटल्याने सुटका होते का?

वस्तू हट्टी असली की माणूसही हट्टाला पेटतो, हे हाताने काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. चिखलातून, खडकाळ वाटांवरून धावणाऱ्या जीप आणि ट्रक यांचे जाडजूड टायर रिमवर चढवणे हे असेच हट्टाचे काम आहे. नीतीची चर्चा करताना आपण सहसा मोठमोठ्या ग्रंथांकडे वळतो. पण जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हा प्रश्न टायरच्या दुकानातही तितक्याच गंभीरपणे उभा राहतो.

आधी कामाची रीत पाहू. टायरच्या दोन्ही कडांच्या आत पोलादी तारांचे कडे असते. रबर ताणले जाते, हे कडे ताणले जात नाही. रिमच्या काठाचा घेर मात्र त्याहून मोठा असतो. मग लहान कडे मोठ्या काठावरून आत जाते कसे? रिमच्या मधोमध एक खोलगट भाग असतो. टायरची एका बाजूची कड त्या खोलगट भागात दाबून धरली, की समोरच्या बाजूला तेवढी जागा सुटते आणि उरलेली कड टॉमीने काठावरून आत घेता येते. नवखा पोरगा कड जिथे अडली तिथेच जोर लावत बसतो. उस्ताद पलीकडे जाऊन गुडघा टेकवतो, आणि काम होते. कडेला साबणाचे पाणी लावतात, तेल-ग्रीस लावत नाहीत. साबणाचे पाणी वाळून जाते, तेल मात्र रबराला खाते आणि नंतर टायर रिमवर घसरत राहतो.

यानंतर हवा भरायची. दाब वाढला की दोन्ही कडा खोलगट भागातून वर सरकतात आणि मोठा आवाज करून आपापल्या जागी बसतात. टायर जितका जाड आणि ताठ, तितका तो उशिरा बसतो. तेव्हा हवा सोडायची, पुन्हा साबण लावायचा, पुन्हा हवा भरायची. लहान गाड्यांच्या टायरची कड बसवताना दाब 40 पौंडांच्या पुढे नेऊ नये, अशी ताकीद टायर बनवणारे देतात. पण वर्षानुवर्षे काम करणाऱ्या हाताला अनुभवाने एक धडा दिलेला असतो : थोडी हवा अजून, म्हणजे बसेल. आणि बहुतेक वेळा तो बसतोही.

अमेरिकेत हलक्या ट्रकांसाठी 16 इंची आणि 16.5 इंची अशा दोन मापांच्या रिम वापरात होत्या. तिथल्या फौजेच्या हमव्ही गाडीची रिमही 16.5 इंचीच. फरक अर्ध्या इंचाचा, नजरेला सहज न दिसणारा. घोटाळा असा, की 16 इंची टायर 16.5 इंची रिमवर चढतो, पण त्याची कड आपल्या जागी कधीच बसू शकत नाही. वरून पाहणाऱ्याला तो नेहमीसारखाच हट्टी टायर वाटतो. कारागीर सवयीने हवा वाढवतो. आतले पोलादी कडे ताण सोसत राहते आणि एका क्षणी तुटते. मग टायर बॉम्बसारखा फुटतो.

असाच एक टायर फुटून एक मिस्त्री जबर जखमी झाला. हवा भरताना तो टायरवर वाकलेला होता. त्याने युनिरॉयल गुडरिच या कंपनीवर दावा लावला. 1998 साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कंपनीची बाजू साधी होती : आम्ही टायरवर ठळक रंगीत इशारा चिकटवला होता. 16 इंची टायर 16.5 इंची रिमवर चढवू नका, असे त्यावर लिहिले होते. स्फोटाने उडालेल्या माणसाचे चित्रसुद्धा छापले होते. यापेक्षा अधिक आम्ही काय सांगायचे?

मिस्त्रीची बाजू अशी : पोलादी कडे अधिक मजबूत पद्धतीने बनवता येत होते. दुसऱ्या काही कंपन्या तसे बनवत होत्या, आणि पुढे याच कंपनीनेही ती पद्धत स्वीकारली. न्यायालयाने मिस्त्रीचे म्हणणे मान्य केले. धोका कमी करणारी बनावट शक्य असताना केवळ इशारा छापून मोकळे होता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. न्यायाधीशांत एकमत नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

मतभेदाचे कारण समजण्यासारखे आहे. इशारा असूनही माणूस तेच करत असेल, तर त्याची स्वतःची काहीच जबाबदारी नाही का? आहे, नक्कीच आहे. पण जबाबदारी ही भाकरी नव्हे, की एकाने तुकडा घेतला म्हणून दुसऱ्याचा वाटा कमी व्हावा. मिस्त्रीने इशारा पाळायला हवा होता, हे खरे. स्फोट टाळण्याचा उपाय कंपनीच्या हातात होता, हेही तितकेच खरे. पहिल्या सत्याने दुसरे खोडले जात नाही.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती आणखी एक गोष्ट. कागदावरचा इशारा माणसाच्या अनुभवाविरुद्ध बोलत असतो. घट्ट म्हणून न बसणारा टायर आणि चुकीचा म्हणून न बसणारा टायर, दोघांचा हट्ट बाहेरून सारखाच दिसतो. हजार टायर थोड्या जास्त हवेने बसवलेल्या माणसाला एक हजार एकावा टायर वेगळा कसा वाटावा? ज्याला ही गफलत आधीच माहीत आहे, त्याने फक्त सांगून थांबणे म्हणजे दुसऱ्याच्या चुकीवर आपला हिशेब मांडणे होय.

हा प्रश्न काही अमेरिकेपुरता नाही. आपल्याकडे रस्त्याकडेच्या दुकानांत डंपरचे, ट्रॅक्टरचे, जेसीबीचे टायर चढवणारी मुले आपण रोज पाहतो. त्यांतली कितीतरी शाळा अर्ध्यावर सोडून आलेली असतात. टायरवरचा इशारा इंग्रजीत असतो, ग्राहक घाई करत असतो, आणि हवा भरताना टायर ज्यात ठेवावा तो लोखंडी पिंजरा क्वचितच कुठे दिसतो. काही अघटित घडले की मालक म्हणतो, “त्याला किती वेळा सांगितले होते, टायरसमोर उभा राहू नकोस म्हणून!” सांगितलेही असेल. पण लांब नळी आणून दिली होती का, म्हणजे मुलाला दूर उभे राहून हवा भरता आली असती? पिंजरा आणला होता का?

आम्ही शिक्षक आणि आपण सारे पालक याच वाक्याच्या आधाराने जगतो. जिन्यावरून धावू नका, अशी पाटी लावायची आणि जिन्याला कठडा बसवायचा नाही. परीक्षेत मूल नापास झाले की ‘वर्गात सांगितले होते’ म्हणायचे. कोणत्या भाषेत सांगितले, त्याला ते उमगले का, हे विचारायचे नाही. सांगणे आवश्यक आहे, पण सांगण्यात आपले काही खर्च होत नाही. कठड्याला, पिंजऱ्याला, मुलाजवळ पुन्हा बसून समजावण्याला पैसा आणि वेळ लागतो. म्हणूनच आपण सांगून थांबतो.

कोणाची चूक किती, हे न्यायालये ठरवतील. पण कोणी जखमी होण्याआधी एक प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा : माझा शब्द न पाळणाराही सुखरूप राहावा, यासाठी मी काय केले? दुकानाच्या मालकापाशी याचे उत्तर म्हणून निदान एक पिंजरा आणि एक लांब नळी असायला हवी. आपल्यापाशी काय आहे, ते ज्याने-त्याने तपासावे.