उपाशीपोटी

पडघ्याच्या बाजारपेठेत सकाळी गर्दी दोनच ठिकाणी: चहाच्या टपरीवर आणि लॅबच्या शटरबाहेर. टपरीवरचे गोदामांतली रात्रपाळी संपवून आलेले, शटरबाहेरचे चहा न घेता आलेले. या दुसऱ्या रांगेत हल्ली अगदी काटकुळी माणसंही दिसतात. मनगटं बारीक, गालफडं बसलेली, शर्ट मात्र बेंबीपाशी जरासा पुढे. घरात त्यांना ऐकवलं जातं, "तुला कसली रे शुगर? अंगावर मांस तरी आहे का?"

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी या प्रश्नात उभी हयात घातली. २००४ साली ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच जोडफोटो छापला. बीएमआय दोघांचा सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. संशोधकाने स्वतःचंच पोट पुराव्याला द्यावं, हे मला फार आवडतं. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही त्यांना हाच नमुना सापडला. वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची, पण पाठीच्या कातडीखालची चरबी आपल्या बाळांनी बऱ्यापैकी राखलेली.

अशा वरून सडपातळ शरीरात इन्शुलिनचा हिशेब कुठे चुकतो? आपण लगेच स्वादुपिंडाकडे बोट दाखवतो. पण तिथून सुटलेलं इन्शुलिन थेट अंगभर जात नाही. आधी ते यकृतात शिरतं आणि पहिल्याच फेरीत त्यातलं निम्मं, कधी निम्म्याहून जास्त, तिथेच मोडीत निघतं. चंद्रपूरहून साडेसातशे किलोमीटर धावत आलेली वीज पडघ्याच्या उपकेंद्रात थांबते, तिथे तिचा दाब उतरतो आणि मगच ती पुढे घराघरांत जाते, तसंच हे. यकृताने ही मोडणी ढिली सोडली, तर स्वादुपिंडाने नेहमीइतकंच इन्शुलिन सोडूनही रक्तात ते साचून राहतं. रिपोर्टातला फुगलेला आकडा पाहून ठपका मात्र स्वादुपिंडावर.

खरं काय ते कळायला सी-पेप्टाइड कामाला येतं. इन्शुलिनबरोबर ते तेवढ्याच प्रमाणात सुटतं आणि यकृत त्याला जवळजवळ हात लावत नाही. दोन्ही मोजली की किती बनलं आणि किती मोडलं, याचा अंदाज बांधता येतो. टोकियोच्या जुंतेंदो विद्यापीठातल्या संशोधकांनी लठ्ठ नसलेल्या, वरकरणी ठणठणीत पुरुषांत इन्शुलिनचा निचरा, म्हणजे ते रक्तातून किती वेगाने हटतं, हे तपासलं. ज्यांचा निचरा मंद, त्यांचे स्नायू इन्शुलिनला कमी दाद देत होते आणि अंगात चरबीही जास्त होती. वजनकाट्यावर यातलं काहीच दिसलं नसतं.

आता निचरा मंदावणं हा बिघाड म्हणायचा की तोड? तज्ज्ञांचं यावर एकमत नाही. स्नायू ऐकेनासे झाले की यकृत इन्शुलिन कमी मोडतं, तेवढाच स्वादुपिंडावरचा भार हलका होतो. सुरुवातीला ही शरीराची शहाणी काटकसरही असू शकेल. पण रक्तात सतत चढं राहिलेलं इन्शुलिन यकृतात चरबी बनवायला लावतं, आणि चरबी साचलेलं यकृत इन्शुलिन आणखीच कमी मोडतं. एकदा हे चक्र फिरू लागलं की काटकसर कुठे संपली आणि दुखणं कुठे सुरू झालं, ते सांगता येत नाही. माझं मत विचाराल तर बारीक माणसात हा इशाराच धरावा.

म्हणून उठून इन्शुलिनची महागडी तपासणी करून घ्या, असं मात्र मी म्हणणार नाही. एका लॅबचा आकडा दुसरीशी जुळेलच असं नाही, आणि निचऱ्याचं नीट मोजमाप हे संशोधनशाळेचं काम. आपल्याला उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी आणि शिंप्याची टेप पुरे. पुरुषांच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटर, बायकांचा ८०. त्यापुढे गेला की वजन कितीही कमी असो, डॉक्टरांना दाखवावं. पँटच्या साइझवर मात्र जाऊ नये. आपल्याकडे पँट पोटाच्या खाली बांधायची रीत, त्यामुळे चौतीसची पँट वर्षानुवर्षं चौतीसचीच राहते. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता.